वगळलेले वाक्य

ज्याचा अपराध केला त्याने उलट शब्द सुनावला, तर अपराध्याचे ओझे थोडे हलके होते. तो नुसता हसला, तर ते वयाबरोबर वाढत जाते. बाबुरावांचे ओझे तेवीस वर्षांचे झाले होते. ते घेऊनच ते पेडण्याहून म्हापशामार्गे डिचोलीला उतरले.

पिशवीत छपाईपूर्वीची पाने होती आणि एक पत्र. घटकराज्याच्या पंचविसाव्या वर्षी बाबुरावांचे आमदारकीतले जुने सोबती गोकुळदास यांची विधानसभेतील भाषणे ग्रंथरूपाने निघणार होती. त्यांनी स्वहस्ते लिहिले होते : "अपंगांच्या चर्चेत तू उभा राहून जे बोललास, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच प्रस्तावना तू लिहावीस."

दोन महिने बाबुरावांनी लेखणी उचलली नव्हती. क्षमा मागितल्याखेरीज पहिला शब्द उमटणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

पाने चाळताना मांडवीकाठचे ते जुने सभागृह डोळ्यांपुढे उभे राहिले. खिडक्यांतून खारा वारा येई. गोकुळदासांचे विषय तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसत. खाणींच्या मातीने ओढे बुजले, डोंगर उघडे पडले, तर पाऊस आपली वेळ विसरेल, असे ते सांगत. बाकांवरून हशा उठे. जमीनदार भाटकाराच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला आपल्या घराच्या भिंती आपल्या म्हणता याव्यात, म्हणून ते तासभर उभे राहत.

सुरुंगांनी तडे गेलेली घरे पाहायला ते एकदा खाणीवर गेले, आणि सुरुंग जवळच उडाला. गोकुळदास कोसळले. पंधरा दिवसांत पुन्हा सभागृहात हजर! तेव्हापासून मात्र त्यांची शिस्त कडक झाली. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, उत्तर उद्या देईन, असे ते म्हणत. कुणी कितीही डिवचले तरी भाषण एका अक्षराने अडखळत नसे. लोक म्हणत, हा माणूस ऋषी झाला.

त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी प्रेक्षकांच्या सज्जात नेमक्या त्यांच्या समोर बसत. सभापतींनी नाव पुकारले की त्या पदर सावरत आणि गोकुळदास उठत. "वहिनींचा हुकूम झाला, आता हे बोलणार!" ही कोटी बाबुरावांचीच. तिच्यावर सगळे सभागृह खळखळून हसे.

मग तो दिवस आला. कचेऱ्यांना पायऱ्यांशेजारी उतार हवेत, आंधळ्या-बहिऱ्यांना नोकरीत जागा हवी, असे गोकुळदास सांगत होते. बाबुराव ताडकन उठले. "ज्याच्या घरात पाळणा हलला नाही, त्याने लोकांच्या लेकरांची व्यंगे कशाला मोजावीत?"

सभापतींनी वाक्य कामकाजातून वगळले. गोकुळदासांनी क्षणभर सज्जाकडे पाहिले, मग बाबुरावांकडे वळून मंद हसले आणि पुढे बोलू लागले. ते हसू बाबुरावांना पुढे कधी सुखाने जेवू देईना.

"येवा, येवा! पेडण्यात मतदार उरले नाहीत वाटतं?" त्यांना पाहताच गोकुळदास घरापुढच्या बलकांवातल्या दगडी बाकावरून उठले.

"मतदार आहेत रे. मला मत देणारे तेवढे संपले."

समोर बसलेल्या वहिनींनी तो विनोद चवीने पुन्हा म्हटला, तेव्हा कुठे गोकुळदास मोठ्याने हसले. चहा आला, सोबत पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे आले. बाबुरावांनी पाव मोडला. तो तोंडापर्यंत गेला नाही.

त्यांनी मान खाली घातली आणि जमिनीकडे पाहतच सगळे सांगितले. ते वाक्यही जसेच्या तसे पुन्हा उच्चारले. "राजकारणात खूप काही बोललो, गोकुळदास. त्याचं काही वाटत नाही. हे एक वाक्य मात्र मला मरू देणार नाही. क्षमा कर."

गोकुळदासांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी कपात साखर ढवळत होत्या; ती कधीच विरघळली होती.

"प्रस्तावना लांबवू नकोस," गोकुळदास प्रसन्नपणे म्हणाले. "आणि पावसावरचं भाषण नीट वाच. तेव्हा हसलात ना रे सगळे? बघ, यंदाही भातरोप सुकलं."

पुन्हा तेच हसू. पुन्हा शिक्षा नाही. बाबुरावांनी पिशवी उचलली.

वहिनी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आल्या. तुळशीपाशी बाबुराव थबकले. "वहिनी, एवढंच सांगा. त्याने मला क्षमा केली की नाही?"

"ते कशाची क्षमा करणार, भाऊ?" वहिनींचा स्वर शांत होता. "सुरुंग उडाला त्या दिवसापासून त्यांच्या कानांत एक शब्द शिरलेला नाही. लोकांना कळलं असतं, तर हा स्वतःसाठीच मागतोय म्हणाले असते. म्हणून आम्ही दोघांनी लपवलं. माझ्या ओठांवरून तेवढं त्यांना कळतं."

बाबुरावांनी अर्धवट उघडलेले फाटक पुन्हा लावले.

"मग ते वाक्य..."

"ते मी ऐकलं."

आत गोकुळदास कुणाला तरी उंडे नेऊन देण्याविषयी सांगत होते.

"त्यांनी वर पाहून मला नजरेनं विचारलं, बाबुराव काय म्हणतो? मी खूण केली, तुमचीच बाजू घेतोय." वहिनींनी पदर सावरला, आणि बाबुरावांच्या वाकलेल्या मस्तकावर हात ठेवला. "तेवीस वर्षं ते तसंच धरून बसलेत, म्हणून तर प्रस्तावना तुमच्याकडे आली. तशीच लिहा. सुखी राहा, भाऊ."