सुटाचं वजन वजा जाता

नर्सने मुलीच्या घोट्यापाशी कात्री घातली आणि रबरी सूट चिकटपट्टीसकट कापला. आतून भसकन पाणी आलं. नर्सच्या चपला भिजल्या, खाटेखाली तळं साचलं.

“अगंबाई! हा सगळा घाम?” ती दचकून मागे सरली. “तांब्याभर तरी असेल.”

मामा त्या पाण्याकडे बघतच राहिला. खाटेवर भाची निपचित पडली होती. सूट उतरल्यावर काखेत बर्फाच्या पिशव्या आल्या, हाताला सलाईन लागलं. आणि ह्या बाबाचं डोकं अजून वजनकाट्यावरच. दुपारी बॉक्सिंगच्या स्पर्धेसाठी वजन व्हायचं होतं, गट अठ्ठेचाळीस किलोचा, आणि सकाळी पोरगी सातशे ग्रॅम जास्त भरली होती. त्यात काय एवढं! त्याने स्वतः तरुणपणी असल्याच सुटात दोन-दोन किलो उतरवले होते. भाचीला सूट चढवला, वारा शिरू नये म्हणून मनगटं-घोटे चिकटपट्टीने आवळले आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

दर अर्ध्या तासाने तिला काट्यावर उभं केलं, तेही सूट घालूनच. काढायची-घालायची कटकट कोण करणार? कोरड्या सुटाचे साडेचारशे ग्रॅम वजा केले की झालं, मामाचा हिशोब पक्का. पण काटा हलायला तयार नाही.

“पळतेयस की बाजाराला निघालीयस?” तो दोनदा ओरडला होता. पहिल्यांदा ती म्हणाली, “पळतेय रे.” दुसऱ्यांदा नुसती मान हलवली आणि परत पळायला लागली.

काटा हलणार कसा? गेलेलं वजन सुटातच साचत होतं. शहाण्याने सूट वजा केला, घाम वजा करायचा राहिला. पहिल्या अर्ध्या तासातच पोरगी गटात बसली असणार. पुढचा सगळा वेळ तो तिला फुकट जाळत होता.

डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या. “किती वेळ पळत होती?”

“अर्धा तास,” मामा म्हणाला.

“पाणी?”

“प्यायली की. थोडंसं.”

तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. ताईने ‘तुझ्या भरवशावर सोडतेय’ म्हणत पोरगी सोपवली होती. ती आत्ता रिक्षात असेल, पोचेलच. पोरगी मरणाच्या दारात, आणि आपण बहिणीच्या शिव्यांना घाबरतोय. त्याला स्वतःची किळस आली.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ताप एकशे पाचच्या वर आहे. किती वेळ तापली, त्यावर पुढचं सगळं ठरतं. तुम्ही लपवाल आणि भोगेल ही. किडन्या जातात अशाने.”



“दीड तास,” तो म्हणाला. “पाण्याचा थेंब नाही. मागत होती. मीच दिलं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. नर्सला म्हणाल्या, “दुसरी बाटली लावा, आणि बर्फ आणा अजून.” दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने ताप उतरायला लागला. पोरीने डोळे किलकिले केले. मामा खाटेपाशी धावला, तिचा थंडगार हात धरला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “चुकलं गं माझं. फार चुकलं.”

तिचं लक्ष नव्हतं. ती वर टांगलेल्या बाटलीकडे आणि नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे बघत होती.

“मामा,” ओठ नीट हलत नव्हते, “हे बंद करायला सांग ना. वजन वाढेल.”