चारशे ग्रॅम सोडे

सारसोळ्याच्या सुचितानं ऑनलाइन सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, विकायला घेऊन तीन महिने झाले, पण हिशेब एकदाही जुळला नाही. जीएसटी पूर्ण विक्रीवर भरायचा आणि साइटवाले बँकेत पाठवणार ते पैसे मात्र दर ऑर्डरमागे कमीच.

"वहिनी, कमिशन वजा केलं, टॅक्स वजा केला. तुमचा माल तर कधी परत आलेलाच नाही," सीए अभय म्हणाला. "मग मधले पैसे जातात कुठं, ते तुम्हीच शोधा."

साइटची हिशेबपत्रकं चाळून चाळून तिचे डोळे दुखायला लागले. शेवटी अगदी कडेच्या रकान्यात सापडलं. पार्सल अर्ध्या किलोच्या वर गेलं म्हणून जादा कुरिअर भाडं, प्रत्येक ऑर्डरला. वर त्या भाड्यावरही जीएसटी.

सुचिता चक्रावली. चारशे ग्रॅम ती स्वतः काट्यावर तोलायची. खोक्यासकट पाचशे भरत नव्हतं. पाकिटाचं तोंड बंद करून खोक्यात घालायचं, एवढंच काम सासूबाईंकडे होतं. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेल्या सखूबाई तेवढ्यासाठी हौसेनं ओटीवर बसायच्या.

ती बाहेर आली, तर सखूबाई तोललेल्या पाकिटात आणखी मूठभर सोडे टाकत होत्या.

"आई! हे कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

सुचितानं ते पाकीट खोक्यासकट काट्यावर ठेवलं. काटा अर्ध्या किलोच्या वर गेला.

"काट्यावर मोजून तं कोनी पन देल, पोरी. वरची मूठ नसली तं गिऱ्हाईक परत येल का?"