शिकरणीची वाटी

अलमेलूबाईंचा त्रिविक्रम रंगूनच्या लढाईत बेपत्ता झाला. तेव्हापासून दर दिवाळीला, तो येईल या आशेने, त्या दाट दुधातली केळ्याची शिकरण करायच्या आणि त्याच्यासाठी भरलेली वाटी, कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून, झाकून ठेवायच्या.

यंदा बारा वर्षं भरली. शास्त्राप्रमाणे कुंभकोणमच्या घाटावर दर्भाचा पुतळा करून लेकाचं क्रियाकर्म झालं. दहाव्या दिवशी पिंडाजवळ शिकरणीची वाटी उघडी ठेवून सगळे हात जोडून उभे राहिले. कावळा लगेच उतरला.

"शिवू दे गं, सुटेल पोर," मुकुंदराव बायकोला हलकेच म्हणाले.



अलमेलूबाईंनी कावळ्याला हाकललं आणि वाटी पदराने झाकली. "दिवाळीला आला की मागेल तो."