गळ्याचं वय

"पेशंटचं वय?" भूल देणाऱ्या डॉक्टर रेहाना मुजावरांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर," पलंगावरच्या सहा वर्षांच्या पोरानं ठणकावून सांगितलं.

केतकीबाईंनी कपाळाला हात लावला. तारुण्याचं औषध रोज चार थेंब घ्यायचं असतं, पण त्यांच्या यजमानांना, निवृत्त मुख्याध्यापक निखिलराव टिपणिसांना, कुठला धीर? अख्खी बाटली त्यांनी एका दमात रिकामी केली होती. आता अपेंडिक्स फुगलं होतं आणि स्वारी मुलांच्या विभागात जायला तयार नव्हती.

"काका, भूल देताना घशात मोठ्यांची नळी रेटली तर तुमच्या श्वासनलिकेला इजा होईल," डॉक्टर म्हणाल्या. "मुलांचा गळा म्हणजे मोठ्यांच्या गळ्याची छोटी प्रत नसते. जीभ तोंडाच्या मानानं मोठी, स्वरयंत्र बरंच वर, आणि श्वास अडला तर आमच्या हाताशी वेळ अगदी थोडा. तुम्हाला मुलांचीच नळी लागेल, आणि मुलांचाच फॉर्म."

"त्यावर सही कोणाची?"

"पालकांची."

"चाळीस वर्षं मी पालकांच्या सह्या तपासल्या," निखिलराव पुटपुटले, आणि त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला.

केतकीबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. "अहो, हट्ट पुरे आता. मला तुम्ही हवे आहात. कुठल्याही मापाचे चालाल."

निखिलरावांनी नाक ओढलं आणि फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. सही करून झाल्यावर 'बालकाशी नाते' या रकान्यापाशी त्या क्षणभर थबकल्या, मग ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, 'पत्नी'.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि मुलांच्या नळ्यांचा ट्रे मागवला.