थांबा कोणी मागायचा

सासूबाई आज थांबायचं नावच काढत नव्हत्या. खिंड अजून वर होती, वारा समोरून ढकलत होता आणि पावसात मिसळलेले बर्फाचे कण गालांना वाळूसारखे टोचत होते. चष्मेवाल्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सासूबाईंच्या पाठपिशवीकडे बघत तो मनातल्या मनात विनवत होता, 'म्हणा ना आई, एकदा म्हणा.'

एरवी त्या पहिल्याच चढाला म्हणायच्या, "जावईबापू, थांबू या का जरा? माझे गुडघे कुरकुरायला लागले." मग चष्मेवाला मोठ्या मनाने थांबायचा. "बसा आई, बसा, घाई कसली आलीय!" असं म्हणत त्यांच्याआधी स्वतःच दगडावर टेकायचा. वर त्यांना दम कसा खावा हेही शिकवायचा, अर्थात स्वतःला बोलण्याइतका दम आला की.

या लांबच्या डोंगरवाटेवर खरं तर त्याची बायको यायची होती. पण निघायच्या तोंडावर ती जिन्यात घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि तिच्या जागी तिची आई आली. चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाआधी याच बाईंनी लेकीला विचारलं होतं, "मुलगा चांगला आहे गं, पण दिवसभर चष्म्यांच्या दुकानात स्टुलावर बसून असतो. तुझ्या बरोबरीनं चालेल का?" ते त्याच्या कानावर आलं होतं आणि अजून तिथेच होतं. म्हणून त्याने घरूनच ठरवून टाकलं होतं, जीव गेला तरी बेहत्तर, सासूबाईंसमोर 'दमलो' म्हणायचं नाही.

सोबत एक नर्सबाई आणि एक बेकरीवाला असे दोन मुरलेले गडी होते. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता. वाटेत जो थांबा मागेल, त्याने मुक्कामाला सगळ्यांची भांडी घासायची. त्यामुळे रोज संध्याकाळी सासूबाई गारठलेल्या पाण्यात पातेली घासत, आणि जावई शेकोटीपाशी पाय पसरून बेकरीवाल्याला सांगत, "वय झालंय हो त्यांचं. सांभाळून न्यावं लागतं." बेकरीवाला मिशीतल्या मिशीत हसायचा. चष्मेवाल्याला वाटायचं, आपलं कौतुकच चाललंय.

आज मात्र सगळंच उलटं. निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "खिंडीच्या अलीकडे एक मोठा खडक आहे, तेवढाच आडोसा. दम खायचा तर तिथेच. पुढे उघड्यावर कोणी कोसळलं तर या हवेत उचलून न्यायला माणूस मिळणार नाही."

तो खडक आला. सासूबाईंनी त्या आडोशाकडे नीट पाहिलं, ओठ आवळले आणि पुढे निघाल्या. चष्मेवाल्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

जेमतेम थोडं अंतर गेला असेल, तोच त्याचा पाय ओल्या दगडावरून सटकला. तो हातांवर पडला. शेजारी उतार होता आणि उतारावर नुसतं पांढरं धुकं. उठायला गेला तर पाय ऐकेनात. आता मात्र तो मनापासून घाबरला. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून वाट बघणारी बायको त्याला आठवली, आणि इतके दिवस जपलेली ऐट एका क्षणात गळून पडली.

"थांबा!" तो ओरडला. "मी दमलोय. मला आता एक पाऊल टाकवत नाही. भांडी मी घासतो, पण थांबा!"

बेकरीवाल्याने त्याला बखोटीला धरून उठवलं. "या साहेब, या. पातेली कधीची तुमची वाट बघतायत!" चौघं माघारी येऊन खडकाआड शिरले. चष्मेवाला मान खाली घालून बसला. सासूबाई आता काय म्हणतील, या धास्तीने त्याला थंडीसुद्धा जाणवेना.

सासूबाई धपकन बसल्या आणि दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला. नर्सबाईंनी त्यांच्या पँटचा पाय वर सारला. गुडघा सुजून टम्म झाला होता. नर्सबाई पिशवीतली पट्टी शोधू लागल्या.

"आई!" चष्मेवाला उडालाच. "हे कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग बोलला का नाहीत? रोज तर ऊठसूट थांबा मागत होतात!"

सासूबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"रोज तुमचा चेहरा बघून मागत होते, तेव्हा कसली लाज?" त्या हळूच म्हणाल्या. "आज खरंच माझा गुडघा दुखत होता. जावयासमोर कसं म्हणायचं?"