मास्तरांचं तंत्र

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी डॉक्टरबाईंसमोर "आऽऽ" करून स्वतःचंच तोंड वासलं, तेव्हा बाईंच्या हातातली बॅटरी हवेतच थांबली. ताप मास्तरांना नव्हताच. ताप होता शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या लेकीला, मुंगीला, आणि घसाही तिचाच बघायचा होता.

"आधी माझा बघा," मास्तर हळूच म्हणाले. "आमची मुंगी ऑटिस्टिक आहे. कुणी एकदम हात लावला की बिथरते. माझ्यावर करून दाखवलं की मग करू देते. माझं तंत्र आहे ते."

'तंत्र' म्हणताना मास्तरांची छाती जरा फुगलीच. फुगू दे बिचारी. मागे कान दुखत होता तेव्हा चौघांनी मिळून मुंगीला दाबून धरलं होतं, आणि त्या चौघांत मास्तर होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते खोलीत आले की पोरगी भिंतीकडे तोंड करून बसायची. मास्तरांनी कानाला खडा लावला. पुन्हा धरायचं नाही म्हणजे नाही. तेव्हापासून थर्मामीटर आधी त्यांच्या काखेत, नाकातले थेंब आधी त्यांच्या नाकात, कडू सिरपचा पहिला थेंब त्यांच्या जिभेवर. घरात सगळ्यात जास्त औषधं घेणाऱ्या या माणसाला वर्षभरात साधी शिंकही आली नव्हती.

आज मात्र खरी परीक्षा होती. मुंगीने कालपासून पाणीसुद्धा गिळलं नव्हतं. तिने तोंड उघडलं नाही, तर पुन्हा धरावं लागणार होतं.

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप मास्तरांच्या छातीला लावला.

"बाप रे! केवढं धडधडतंय हो!"

"जिना चढून आलो ना."

"दवाखाना तळमजल्यावर आहे, मास्तर."

मास्तर उगाच खोकले. तेवढ्यात मुंगीने सवयीने त्यांचा अंगठा मुठीत धरला आणि छताच्या पंख्याकडे बघत म्हणाली, "घाबरू नका. मी आहे ना."

"माझंच वाक्य!" मास्तरांनी कौतुकाने सांगितलं. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून ते हेच तर म्हणायचे. सुट्टीत मागच्या सीटवर बसून मुंगीने ते उचललं होतं. "दर वेळी म्हणते. स्वतःला धीर देते हो बिचारी."

बाईंनी पट्टीने त्यांची जीभ दाबली. मास्तरांना असा उमासा आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुंगीने अंगठा आणखी घट्ट धरला. "घाबरू नका. मी आहे ना."

मग तिची पाळी आली. मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. कसला आवाज नाही, रडणं नाही. उघडून बघतात तर मुंगी तोंड उघडून निवांत पंखा बघत होती आणि बाई बॅटरी बंद करत होत्या.

"घसा चांगलाच सुजलाय, पण औषधाने उतरेल," बाई म्हणाल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आता हे तंत्र जगभर शिकवायला हरकत नाही, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं.

"शाब्बास गं!" बाई मुंगीला म्हणाल्या. "किती शहाणी आहेस तू! पुढच्या वेळी बाबांचं आधी बघायला नको, हो ना?"

मुंगीने जोरात मान हलवली. "आधी बाबा."

"का बरं?"

मुंगीला उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागायचा. पंख्यावरून तिची नजर डॉक्टरबाईंच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. मास्तरांचा अंगठा अजून तिच्या मुठीतच होता.

"बाबा घाबरतात," ती बाईंना नीट समजावून सांगू लागली. "पण त्यांना दाबून नाही धरायचं. अंगठा धरायचा फक्त."