फुगा

काका शेवटची पायरी उतरले आणि फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काकू डोळे पुसू लागल्या. काकांच्या कोपराखाली हात धरून चालणारी शिकाऊ सहायक तर स्वतःच पास झाल्यासारखी खूश झाली. अर्धांगवायूनं आडवा झालेला हा सलूनवाला आज स्वतःच्या पायांनी घरी जाणार होता.

तिचं ठरल्यातच जमा होतं. शिकाऊ सहायकांनी दोन्हीकडे काम करून बघायचं आणि मग एक वाट धरायची: फिजिओ, नाहीतर ऑक्युपेशनल थेरपी. आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. फिजिओत माणूस उठून चालतो, अख्खं घर आनंदानं रडतं. पलीकडच्या खोलीत काय, तर बटणं लावा, कप उचला, नळ सोडा. आईला फोनवर ती म्हणालीसुद्धा होती, "तिकडे नुसती भातुकली आहे गं."

पण काकांचा तिकडचा शेवटचा तास राहिला होता. ती त्यांना घेऊन गेली. टेबलावर वाटीत साबणाचा फेस होता आणि स्टँडला एक फुगा बांधला होता. सलूनमधले नवशिके कारागीर असाच फुग्यावर हात बसवतात, म्हणून ही कल्पना काकांनीच काढली होती. फुगा न फोडता फेस उतरवला, तर मुलगा त्यांना दुकानात पुन्हा वस्तरा धरू देणार होता. नाहीतर नुसतं गल्ल्यावर बसायचं.

"काका, झकास चालताय की आता. मग या फुग्याचा कशाला जिवाला घोर?"

"तुम्ही मला उभं केलंत, पोरी," काका म्हणाले. "आता उभं राहून करू काय, ते सांग."

तिनं वस्तरा त्यांच्या हातात दिला.

वस्तरा फेसात शिरला. अर्धा फुगा स्वच्छ झाला. मग काकांचं मनगट किंचित थरथरलं आणि तिनं सवयीनं ते झटकन धरलं. फुगा फुटला. फेस तिच्या नाकावर उडाला.

कुणी हसलं नाही. मुलगा दारात उभा होता. "राहू द्या, बाबा," तो हळूच म्हणाला. "मी म्हणतच होतो."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. पाकिटातला तो शेवटचा फुगा होता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्यांचा हात चुकला नाही. मी धरला म्हणून फुटला," ती मुलाला म्हणाली. मग स्वतःच खुर्चीत बसली, दोन्ही गालांना फेस फासला आणि मान वर केली. तिथले थेरपिस्ट सर एवढंच म्हणाले, "आधी पातं काढा." काकांनी ते त्याच लुळ्या पडलेल्या हाताच्या बोटांनी काढलं. वेळ लागला. मदतीला तिचे हात सारखे उठत होते. ते तिनं मांड्यांखाली दाबून ठेवले.

एक गाल झाला. मुलगा दारातून आत आला. त्यानं खुंटीवरचा टॉवेल काढला आणि तिच्या गळ्याभोवती नीट अडकवला.

तेवढ्यात फिजिओच्या मॅडम डोकावल्या. "अगं, तुझं नाव आमच्याकडेच लिहू ना?"

"नाही, मॅडम," ती फेसातूनच म्हणाली. "मी इथंच."

"ताई, तोंड मिटा," काका करड्या आवाजात म्हणाले. "वस्तरा फिरत असताना गिऱ्हाइकानं बोलायचं नसतं."